नकाशांतली कोरी जागा

रात्रीं जेवणें आटोपलीं कीं नकाशे पसरून बसावयाचें, ही आमची फार दिवसांची खोड. घरांतील मंडळी हिला 'फुकटचा प्रवास' म्हणतात. या प्रवासांत आम्ही मध्यंतरीं अलास्कांतील युकॉन नदीच्या सखल प्रदेशांत जाऊन पोंचलों. आर्क्टिक वृत्ताच्या दोहों बाजूंस पसरलेल्या या मुलखांत हजारों तळीं आहेत, अफाट दलदल आहे, आणि नदी तर पात्र बदलीत हिंडत असते. उन्हाळ्यांत लक्षावधि बदकें येथें वीण घालण्यास येतात.

अमेरिकन सर्वेक्षण खात्याचे येथील जुने नकाशे मैलास एक इंच या मानाचे. आपल्याकडील जुने सर्वेक्षण-नकाशेहि याच मानाचे, म्हणून ते प्रथम ओळखीचे वाटले. परंतु सह्याद्रीच्या नकाशावर समोच्च रेषांची एवढी दाटी कीं बोट ठेवावयास जागा नसते. येथें मात्र एका रेषेपासून दुसरी कोसच्या कोस दूर! जमीनच चढेना, तर रेषा उमटावी कोठून? असा कागद पाहून येथें कांहींच नाहीं असें कोणासहि वाटावें.

तसें वाटणारे निघालेहि. १९५४ सालीं रँपार्ट येथें युकॉनला धरण घालण्याची योजना पुढें आली. ईरी सरोवराएवढा जलाशय होणार होता. त्यांत बदकांचीं वीणस्थळें बुडणार होतीं, आणि ग्विचिन लोकांचीं गांवेंहि. त्या लोकांनीं व वन्यजीव खात्यानें विरोध केला. १९६७ सालीं मंत्री स्ट्युअर्ट युडाल यांनींहि प्रतिकूल मत दिलें आणि बेत बारगळला. १९८० सालीं येथील ८० लाख एकरांहून अधिक भूमि वन्यजीवांसाठीं राखून ठेवण्यांत आली.

२०१० पासून अलास्कावर विमानांतून रडारच्या लहरी सोडून नवें मोजमाप झालें. ढग आड आले तरी तें अडत नाहीं. दर पांच मीटरांवर उंचीचा एक आंकडा मिळतो. तरीहि पुराचें पाणी एखाद्या तळ्यांत शिरेल कीं नाहीं हें जेथें हातभर चढावर ठरतें, तेथें तो हातभर चढ या आंकड्यांतूनहि निसटतो.

विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत जागा कोरी सोडली कीं आम्ही तेथें निमूटपणें शून्य मांडीत आलों. हा नकाशा पाहिल्यापासून तें शून्य मांडतांना हात अंमळ थबकतो. प्रश्न आम्हींच काढलेला असतो ना!