बर

ऑगस्टच्या अखेरीस तळघरातल्या बाकावर सहा पाती पाजवायला घेतली आणि तिसऱ्याशी थांबलो. धार आडव्या अंगठ्याने चाचपायची, ही माझी उभ्या जन्माची सवय. अंगठा म्हणाला, झालं. मग कापसाचा बोळा धारेवरून हलकेच ओढला, तर टोकाजवळ तीन तंतू अडकले. बर तशीच होती आणि मला जाणवलीच नव्हती. मधुमेहाने बोटांच्या टोकांची जाणीव जाते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते पायांपुरतं धरून चाललो होतो.

बर हा भोसरीच्या टूलरूममधला शब्द. कानशीखाली पोलाद घासलं जात असताना कडेचा बारीक पापुद्रा पलीकडच्या अंगाला वळतो, ती बर. मिशिगनला येऊन चौतीस वर्षं झाली, मोटारींच्या डाय बनवता बनवता निवृत्त झालो, पण धनुष्य घेऊन हरणामागे जायला लागल्यापासून बाणाच्या पात्यावरही ती मला बरच दिसते.

मी एकाच अंगाला उतार असलेली पाती वापरतो. असं पातं जनावराच्या अंगात फिरत शिरतं, म्हणून बाणाची पिसंही त्याच वळणाची लागतात. पंचवीस अंशांचा उतार बसवण्यात काही अवघड नाही. अडतं ते त्यानंतर. बर सपाट अंगाला वळलेली असते. पातं दगडावर पालथं घालून तिला उताराकडे परतवायचं, तिथून पुन्हा इकडे, आणि दर खेपेला दाब निम्म्यावर आणायचा. शेवटी फक्त पात्याचं स्वतःचं वजन. मग चामोट्यावर ती सुटून यायला हवी. मधल्या भागात ती येते. टोकाकडच्या अर्ध्या इंचात राहते, कारण टोक जवळ आलं की मनगट नकळत उचललं जातं. दाब वाढवावा तर नवी बर उभी राहते. त्या अर्ध्या इंचावर मी रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत. उजवं अंग, डावं अंग, दिव्याखाली तिरपं धरून पाहायचं. धारेवर उजेडाची रेघ दिसली की पुन्हा पहिल्यापासून.

बर असलेलं पातं बोथट लागत नाही. ते हातावरचे केस उडवतं. शिकारीच्या कॅम्पमध्ये माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत असायचा आणि थंडीतही मी बाही वर करून बसायचो. लोक आपली पाती माझ्यापुढे आणून ठेवायचे. त्याची मला चटक लागली होती. केस उडाले की मी काम संपलं असं धरायचो, कापसाचा बोळा घ्यायला मन होत नसे.

२००३ च्या नोव्हेंबरात अठरा पावलांवरून एका हरिणीला बाण मारला. जरा मागे लागला. रक्ताचा माग सीडरच्या दलदलीपर्यंत गेला, मग पानांवर तुरळक थेंब, मग काहीच नाही. दोन दिवस शोधलं. सापडला तो बाण. पात्याची धार पुढच्या अर्ध्या इंचात एका अंगाला दुमडली होती. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्त वाहवून मारतो. स्वच्छ कापलेली रक्तवाहिनी वाहत राहते, फाटलेलीत रक्त लवकर गोठतं. कॅम्पमध्ये मी नेम चुकल्याचं सांगितलं. दुमडलेल्या धारेबद्दल बोललो नाही. ते आज पहिल्यांदा लिहितोय.

माझी आई माळकरी. मी शिकार करतो हे तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लगेच जातं का रे?" मी हो म्हणालो होतो. त्या दलदलीत दोन दिवस मला तेवढंच ऐकू येत होतं.

काचेला बर येत नाही. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात रानातून बाहेर आलेला याही नावाच्या जमातीचा इशी बाटलीच्या काचेची आणि ऑब्सिडियनची टोकं घडवायचा. सॅक्स्टन पोप हा शल्यविशारद त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला आणि १९२३ मध्ये त्याने या शिकारीवर पुस्तक लिहिलं. काच ठिसूळ असते, ती तुटते आणि जिथे तुटते तिथे धार होते. पोलाद ओढलं जातं, वळतं, चिकटून राहतं. मला इशीचा हेवा वाटतो.

हल्ली बहुतेक जण बदलायची पाती घेतात. डबी उघडायची, स्क्रू पिळायचा, निघायचं. धनुष्यबाण बनवणाऱ्या फ्रेड बेअरनेही १९५६ च्या रेझरहेड या बाणाच्या टोकात पातळ जादा पातं घातलं होतं, हा दाखला मला नेहमी ऐकवतात. पण त्याचं मुख्य पातं कानशीनेच पाजवायचं होतं. बेअरचा कारखाना १९७८ पर्यंत इथेच, मिशिगनमधल्या ग्रेलिंगला होता. डबीतली पाती वाईट असतात असं नाही. पण ती लावणाऱ्याला धार बघताच येत नाही, आणि बघता येत नाही त्याने जनावरावर बाण सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. क्लॅम्पमध्ये पातं अडकवून कोन धरणाऱ्यांनाही मी वर्षानुवर्षं नावं ठेवली. तो पांगुळगाडा आहे म्हणायचो.

गेल्या रविवारी नात शेजारी बसली. तिने तो क्लॅम्पच आणला होता. मी काही बोललो नाही. तिने सपाट अंगावरून नख बाहेरच्या बाजूला सावकाश नेलं, टोकापाशी थांबली आणि म्हणाली, "आजोबा, इथे आहे अजून." मी भिंग लावलं. होती. क्लॅम्पमध्ये मनगट उचललं जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या अर्ध्या इंचातली बर तिने सात-आठ हलक्या फेऱ्यांत काढली. कापूस घसरून गेला, एकही तंतू राहिला नाही. मला आनंद झाला आणि त्याच वेळी ते पातं तिच्या हातून काढून घ्यावंसंही वाटलं.

हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. भात्यात सहा पाती आहेत, चार तिच्या हातची आणि दोन माझी. माझ्या दोन्हींवरून शेवटचा कापूस तिने ओढला आहे.