पिवळीत किडे बसतात

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाचा मला नागपूरबाहेरच्या एका तलावावर घेऊन गेला. काटोल रोडच्या दोन्ही बाजूंना अंबियाचा फुलोरा आला होता. गाडीची काच खाली केली की संत्र्याच्या फुलांचा तो गोड, थोडासा डोकं धरणारा वास आत यायचा. काठावर प्लास्टिकच्या चार कयाकी पडल्या होत्या. दोन नारिंगी, एक हिरवी, एक पिवळी. भाच्याने सरळ पिवळीला हात घातला.

"काका, पिवळी नोका घेऊ जी," वल्ही सांभाळणारा पोट्टा मला म्हणाला. "पिवळीत किडे लय बसतात."

मी वाकून पाहिलं. बसायच्या खोलगट जागेत आधीच्या कोणीतरी ठेवलेलं चार बोटं पाणी होतं आणि त्या पाण्यावर तिळाएवढ्या पंखवाल्या किड्यांचा थर तरंगत होता. शेजारच्या हिरवीतही तेवढंच पाणी होतं. त्यात एक वाळकं पान आणि दोन मुंग्या. बास.

माझ्या मानेवर काटा आला. बावन्न वर्षांपूर्वीचा एक सदरा मला आठवला, आणि त्या सदऱ्याबद्दलचा राग माझा अजून गेलेला नाही.

जामसांवलीच्या मारुतीला आमच्याकडे नुसतं 'देव' म्हणतात. कोणता देव, असं कोणी विचारत नाही. १९७४ च्या हनुमान जयंतीला बाबा मला घेऊन गेले होते. पिंपळाखाली देव निजलेला, बाहेर जाम नदीच्या बाजूने दुकानांच्या रांगा. एका कपडेवाल्याने ताडपत्रीवर पोरांचे सदरे मांडले होते. मला लाल हवा होता. लाल म्हणजे असा की जत्रेत हरवलो तरी लांबून दिसावा. बाबांनी ढीग चाळला, लाल उचलला, खाली ठेवला, एक भगवा उचलला, तोही ठेवला. मग हळदीसारखा पिवळाधमक काढला. "हा घे. हा चांगला दिसते." मी रडलो. त्यांनी पैसे दिले.

त्या वर्षी एप्रिलमध्ये शाळा सकाळची होती. घरून शाळेचा रस्ता आमच्या आणि शेजाऱ्यांच्या बागांमधून जायचा. बागेला नवी पालवी होती आणि कोळशीचं वर्ष होतं. कोळशी ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. काळी माशी पानामागे अंडी घालते, पिल्लं रस शोषतात आणि चिकट गोड पाणी टाकतात. त्या पाण्यावर काळी बुरशी चढते आणि सगळं झाड, फळासकट, चुलीत घालून काढल्यासारखं होतं. तर अशा बागांतून मी पिवळा सदरा घालून गेलो. वर्गात पोचलो तेव्हा पाठीवर, खांद्यांवर, बाह्यांवर काळी माशी आणि मावा मिळून किडे इतके की सदऱ्याला राळे शिंपडल्यासारखे दिसत होते. गुरुजींनी मला उभं केलं. आंघोळ करतोस का, असं विचारलं. करतो, म्हणालो. मग किडे तुझ्याच अंगावर का बसतात, बाकीच्यांच्या का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला बाहेर बसवलं. त्या दिवसापासून चौथीपर्यंत माझं नाव 'मावा'. आमचा भाग मराठी-हिंदीच्या सीमेवरचा, त्यामुळे मावा म्हणजे पेढ्याचा खवाही. पोरं दोन्ही अर्थांनी हाक मारायची आणि दोन्ही अर्थांनी हसायची.

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे कधीतरी नागपुरात, बँकेत कारकुनी करताना, कृषी प्रदर्शनातल्या एका कागदावर मिळालं. मग नाद लागला आणि मी वाचत गेलो. फोल्कर मोरिके नावाच्या जर्मन माणसाला पंखवाला मावा मोजायचा होता, कारण हा मावा एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला पोचवतो. त्याने थाळ्या पिवळ्या रंगवल्या, पाणी भरलं आणि शेतात ठेवल्या. मावा आपणहून येऊन बुडायचा. हे त्याने १९५१ साली छापलं. म्हणजे मी जन्मायच्या आधीच माझा निर्दोषपणा सिद्ध होऊन पडला होता, फक्त तो आमच्या शाळेपर्यंत पोचला नव्हता. त्या थाळीला अजून मोरिकेची थाळी म्हणतात. आणि तलावाच्या काठावर पाणी भरून पडलेली ती पिवळी कयाक म्हणजे दुसरं काही नाही, माणूस मावेल एवढी मोरिकेची थाळी.

कारण असं सांगतात की माव्याला, पांढऱ्या माशीला, काळ्या माशीला आपल्यासारखा 'पिवळा' हा वेगळा रंग हवा नसतो. तिला पान हवं असतं. पानावरून जो हिरवा-पिवळा उजेड परततो तो ती ओळखते. पिवळा रंग तोच उजेड पानापेक्षा कितीतरी जास्त परत फेकतो. तिच्या दृष्टीने मी त्या सकाळी रस्त्याने चालणारं, जगातलं सर्वांत कोवळं, सर्वांत रसाळ पान होतो. घाणेरडा नव्हतो.

पण मग आमच्या पडवीत पावसाळ्यात पिवळा दिवा का लावायचे? किडे कमी येतात म्हणून. हे मला बरीच वर्षं नडलं. दिवसा पिवळ्यावर तुटून पडतात आणि रात्री पिवळ्याला टाळतात? उत्तर सोपं निघालं: रात्रीचे किडे वेगळे, आणि त्यांना दिव्यातला निळा-जांभळा नि त्यापलीकडचा, आपल्याला न दिसणारा उजेड ओढतो. पिवळ्या दिव्यात तो फारसा नसतो. दिवा आणि सदरा यांचा न्याय एक नाही.

हिरवी किंवा काळी कयाक घेतली म्हणून सुटका आहे, असंही नाही. हंगेरीतल्या गाबोर होर्वात आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं की पाण्यात अंडी घालणारे किडे पाणी ओळखतात ते रंगावरून नव्हे, तर पाण्यावरून परतताना आडव्या पातळीत कंपणाऱ्या उजेडावरून, आणि काळं, चकचकीत, गुळगुळीत काहीही त्यांना पाणीच वाटतं. बिचारे डांबरी रस्त्यावर अंडी घालतात. २००६ साली त्यांनी मोटारींवर प्रयोग केले, तेव्हा लाल आणि काळ्या मोटारींना हे किडे पांढऱ्या नि पिवळ्यांपेक्षा जास्त फसले. तेव्हा वल्ही सांभाळणाऱ्या पोट्ट्याचं म्हणणं अर्धं खरं. पिवळीत मावा, काळीत दुसरं कोणी. डासांचं विचाराल तर ते आधी आपला श्वास हुंगतात. रंग त्यांच्यासाठी नंतरची गोष्ट.

राग मात्र गुरुजींवरचा नाही. तो कधीच विरला. राग बाबांवरचा आहे.

त्या दिवशी रडत घरी आलो, सदरा काढून फेकला. बाबांनी तो उचलला, उन्हात धरला, किडे बोटाने चिरडून पाहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बंडीच्या आसाला घालायचं एरंडीचं तेल आणलं, माझा नवा सदरा त्यात भिजवला, बांबूला आडवी काठी बांधून त्यावर चढवला आणि कोळशीच्या ओळीत नेऊन रोवला. वर्षातून एकदा मिळणारा सदरा. मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाठीकडून काळा पडला होता आणि बाबा असे खूश, असे खूश, की शेजारच्या बागवाल्यांना बोलावून दाखवत होते. "पाहा, पोट्ट्याच्या सदऱ्यानं काय केलं." माझं कौतुक चाललंय की सदऱ्याचं, हे मला कळेना. नंतर त्यांनी डालड्याचे रिकामे डबे गोळा केले. ते डबे मुळातच पिवळे, वर ताडाचं हिरवं झाड. त्यांना तेल चोपडून फांद्यांना टांगले. आता दुकानात पिवळे चिकट सापळे तयार मिळतात, फुलकिड्यांसाठी निळेही मिळतात, आणि विकणारा हे सगळं आपल्या कंपनीने शोधल्यासारखं सांगतो. मी ऐकून घेतो.

डबे टांगले तेव्हा सदरा परत द्यायला हवा होता. दिला नाही. चिंध्या होईपर्यंत तो तिथेच उभा होता, बिनडोक्याचा, माझ्या मापाचा. शाळेत जाताना मला रोज त्याच्यासमोरून जावं लागे.

हे सगळं मी कयाकीत भाच्याला सांगत होतो. शेवटी त्यानं पिवळीच घेतली होती. पाणी ओतून, पुसून. वल्हं मारता मारता तो म्हणाला, "मामा, मला त्या चारांतली ही एकच नीट दिसली. बाकीच्या तिन्ही मला सारख्याच."

मला माहीत होतं, पण विसरलो होतो. एका नोकरीच्या तपासणीत त्याच्यासमोर ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक ठेवलं होतं, शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरचं, आणि ठिपक्यांतले आकडे त्याला दिसले नव्हते. लाल-हिरव्यातला भेद त्याला लागत नाही. पिवळा आणि निळा मात्र ठणठणीत. जॉन डाल्टनचंही असंच होतं, अणूवाला डाल्टन. त्याने १७९४ साली आपल्या या दोषावर व्याख्यान दिलं. डोळ्यातलं पाणी निळं असणार अशी त्याची समजूत, म्हणून मेल्यावर डोळा फोडून बघा असं सांगून ठेवलं. फोडला, पाणी स्वच्छ होतं. डोळ्याचे अवशेष मात्र जपून ठेवले, आणि १९९५ मध्ये त्यांतून त्याचा दोष नेमका कोणता ते निघालं. इथे डाल्टनचं काय काम, असं कोणी म्हणेल. मलाही त्या क्षणी तोच आठवला, कारण दुसरं जे आठवायला लागलं होतं ते मला लगेच आठवायचं नव्हतं.

हा दोष बापाकडून मुलाला जात नाही. बापाकडून मुलीकडे जातो, तिच्यात लपून राहतो आणि तिच्या मुलात उघडा पडतो. मला नाही. माझ्या बहिणीच्या मुलाला आहे.

मधमाशीलाही लाल दिसत नाही. कार्ल फॉन फ्रिश याने १९१४ साली करड्या रंगाच्या चौकोनांमध्ये निळा चौकोन ठेवून, त्यावर साखरपाणी देऊन दाखवलं की मधमाश्यांना रंग कळतात. म्युनिकच्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाचं म्हणणं होतं की मधमाश्या रंगांध असतात, त्याच्याशी हा वाद. फ्रिश जिंकला, पण लाल चौकोनाच्या वेळी माश्या गडद करड्यावर नि काळ्यावरही जाऊन बसल्या. संत्र्याची बाग त्यांच्याच जिवावर गुणगुणते. पिकल्या बागेचा तो केशरी जाळ, ज्याच्यासाठी लोक गाडी थांबवून फोटो काढतात, तो त्यांना आपल्यासारखा कधी दिसलाच नसेल.

आणि बाबांना?

तोडीच्या दिवशी माय पुढे चालायची. बाबा मागून कात्री घेऊन. माय फळाला नुसतं बोट लावायची: "हे. हे नोको. हे." ती घरी असली तर तोड सकाळी सुरू व्हायची, तिला ताप असला तर बाबा व्यापाऱ्याला उद्या ये म्हणायचे. मला वाटायचं, मायचं बोट शुभ आहे असं ते मानतात. गावातही तसंच बोललं जाई. एकटे असले की ते प्रत्येक फळ अंगठ्याने दाबत, तळहातावर तोलत, नाकाला लावत, आणि संध्याकाळपर्यंत दोनच टोपल्या भरत. व्यापारी हसायचा. आमच्या संत्र्याला हिरवट असतानाही गोडी येते, तेव्हा नुसत्या रंगावर जाणाराही फसतोच, असं बाबा त्याला सुनावत. बरोबरच होतं ते. लपायला चांगली जागा होती.

देवापुढे उभे राहिले की एक वाक्य ते नेहमी म्हणायचे: "मले तर हा मातीतच निजलेला दिसते." शेंदराने न्हालेल्या मूर्तीला माती म्हणणारा हा केवढा विरक्त माणूस, असं मी मोठा झाल्यावर चारचौघांत सांगितलेलं आहे. एका स्मरणिकेत लिहिलेलंही आहे.

सिद्ध काही करता येणार नाही. बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. दोष मायच्या बाजूनेही आलेला असू शकतो. बागेतली निम्मी झाडं आता नाहीत, जिल्हाही बदलला, २०२३ पासून आम्ही छिंदवाड्याचे नाही, पांढुर्ण्याचे. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, बाबांचे सगळे कपडे मायच काढून द्यायची रे. लग्नाच्या साड्या घ्यायलाही ते कधी आले नाहीत." मग थोडं थांबून, "तुला सदरा कोणी घेतला होता तो?"

बाबांनी, म्हणालो.

"आणि माय?"

माय घरी होती. जामसांवलीला जायला तिला मनाई होती, कारण बाळंतपणाला अजून सव्वा महिना व्हायचा होता. बहीण तेव्हा बारा दिवसांची होती.

म्हणजे त्या ताडपत्रीसमोर बाबा एकटे होते. लाल उचलला, ठेवला. भगवा उचलला, ठेवला. कोणाला विचारायचं? मला विचारायचं? मी आठ वर्षांचा, लाल लाल म्हणून भोकाड पसरलेलं, आणि माझ्या लाल या शब्दाला त्यांच्या हातात काहीच लागत नव्हतं. मग त्या ढिगात जो एक उठून दिसला, तो त्यांनी घेतला.

भाच्याने कयाक काठाला लावली. मी उतरलो. त्याच्या पाठीवर चारपाच किडे बसले होते, त्याचा टी-शर्टही पिवळाच. झटकायला हात पुढे केला, तर म्हणाला, "राहू दे मामा, आपोआप उडतात."