गाडीचें प्रांतांतर

मनुष्य एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत राहावयास गेला, तर त्यास फारसें कोणी कांहीं विचारीत नाहीं. दूधवाला ठरला, शेजारीं हळदीकुंकवाचें बोलावणें गेलें, कीं तो तेथलाच झाला. मोटारगाडीचें मात्र तसें नाहीं, असा अनुभव आम्हांस नुकताच आला. तो इतरांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें सांगतों.

आमचे तीर्थरूप नोकरीनिमित्त जबलपुरास गेले आणि निवृत्तीनंतरहि तेथेंच राहिले. त्यांच्या पश्चात् मातुःश्रींस आम्हीं नागपुरास, प्रतापनगरांतील आमच्या एकत्र घरीं आणलें. सामानाबरोबर तीर्थरूपांनीं २०१५ सालीं घेतलेली गाडीहि आली. सिवनी, खवासा ओलांडून ती मध्यप्रदेशची पाटी मिरवीत आमच्या दारांत उभी राहिली.

ती विकून टाकावी, हाच प्रथम आम्हां दोघां बंधूंचा विचार होता. घरीं एक गाडी होतीच, आणि अंगणांत दुसरीस जागा पुरत नव्हती. परंतु जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनीं पाटी पाहतांच मान हलविली. "परराज्याची गाडी, त्यांतून मालक हयात नाही, कागद करण्यांतच माझे पैसे जातील," असें म्हणून त्यांनीं सांगितलेली किंमत ऐकून आम्ही गप्प बसलों. मातुःश्री देवघरापाशीं वाती वळीत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "दर रविवारी ते ती स्वतः पुसत असत." त्यानंतर विक्रीची गोष्ट घरांत कोणीं काढली नाहीं.

कागद चाळूं लागलों, तेव्हां आमचीच चूक प्रथम ध्यानांत आली. गाडीचा मालक वारला, तर वारसानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी-कार्यालयास तसें कळवावें. म्हणजे तीन महिनेपर्यंत त्यास गाडी वापरतां येते, आणि तेवढ्या मुदतींत ती आपल्या नांवें करण्याचा अर्ज द्यावयाचा असतो. आम्हीं कळविलें तर नव्हतेंच, उलट आठ महिने मुलांस शिकवणीस सोडण्यापासून भाजी आणण्यापर्यंत ती खुशाल फिरविली होती. विमाहि तीर्थरूपांच्याच नांवें. एखादा अपघात घडता, तर ज्यास इजा झाली त्याच्यापुढें आणि विमा कंपनीपुढें आम्ही कोणत्या तोंडानें उभे राहिलों असतों, या विचारानें त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून गाडी जागची हलूं दिली नाहीं.

पुढील क्रम असा. प्रथम जबलपुरास जाऊन गाडी मातुःश्रींच्या नांवें करावी लागली. त्यासाठीं मृत्यूचा दाखला आणि आम्हां बंधूंचीं व पुण्याच्या भगिनीचीं संमतिपत्रें जोडलीं. मग तेथील कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र. कर थकलेला नाहीं, गाडी चोरीची नाहीं, तिच्यावर कर्ज नाहीं, हें सर्व त्यासाठीं दाखवावें लागतें; सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीनें त्याचा ठसाहि घेतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें या अर्जावर तीस दिवसांत नकार न कळविल्यास प्रमाणपत्र मिळालें असें समजावयाचें असतें. तथापि कागद हातीं असलेला बरा. तें घेऊन नागपुरास नव्या क्रमांकाचा अर्ज करावयाचा. परराज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीस नवी नोंदणी घेणें याच कायद्यानें भाग आहे. शेजारी सांगत होते ती तीस दिवसांची मुदत पत्ता बदलल्याची. दोहोंची गल्लत पुष्कळांची होते.

खरी टोंचणी कराची. खाजगी गाडीचा कर बहुधा एकदांच भरून घेतात, व तो त्या त्या राज्याच्या तिजोरींत जातो. म्हणून नवें राज्य गाडीच्या वयाच्या मानानें आपला कर मागतें, आणि जुन्या राज्याकडे उरल्या काळाचा परतावा आपण मागावयाचा. वारंवार बदली होणाऱ्यांसाठीं २०२१ सालीं ‘भारत’ मालिकेचे क्रमांक निघाले; परंतु ते सरकारी नोकरांस आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांस. आमच्या मातुःश्री कोणाच्याच नोकरींत नाहींत. आयुष्यभर काम मात्र केलें.

त्यांचा जन्म नागपुरांतलाच, १९४७ सालचा. त्या काळीं जबलपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडांत होतीं, व राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं नागपूर मुंबई राज्यांत गेलें, जबलपूर मध्यप्रदेशांत राहिलें. आणि १९६० सालीं नागपूर महाराष्ट्रांत आलें. अर्जावर सही करतांना हें सर्व आम्ही त्यांस सांगत होतों. त्या हंसून म्हणाल्या, "लग्न होऊन मी तिकडे गेले, तेव्हा माझं नाव बदललं, आडनाव बदललं. मला कोणी ना-हरकत विचारली होती का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वहिनी मात्र आंत जातां जातां थबकल्या.

दुसऱ्या महिन्यांत गाडीस नागपूरची पाटी लागली. नोंदणीची मूळ पंधरा वर्षांची मुदत तीच, २०३० पर्यंतची. सांगाड्यावर कोरलेला क्रमांकहि तोच. नव्या पाटीनिशीं पहिली फेरी तेलंगखेडीच्या मारुतीस ठरली. मुलें दारें उघडून मागें बसलीं. मातुःश्रींनीं पुढें बसण्यापूर्वीं पदरानें कांचेवरची धूळ पुसली. तो दिवस रविवार होता, हें आमच्या नंतर लक्षांत आलें.