एका दमाची बुडी

एका दमात माणूस किती खोल जाऊ शकतो? भूमध्य समुद्रात हा नामांकित खेळ आहे. १९७६ साली एल्बा बेटाजवळ झाक मायोल हे फ्रेंच गृहस्थ वजनाच्या आधाराने उतरून, एका दमात शंभर मीटर खोल जाऊन आले.

आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही अशी बुडी आहे. पण तिला कुणी खेळ म्हणत नाही. माझे बाबा शिनाणी काढतात. पावसाळा सरून पाणी निवळले की ओहोटी पाहून उतरायचे, खडकाला तंतूंनी घट्ट धरून बसलेली शिनाणी सळईने सोडवायची, कमरेच्या जाळीत टाकायची आणि वर यायचे. माझी कॉलेजची फी त्याच जाळीतून वर आली.

दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि छातीतली हवा निम्म्या जागेत मावते, हे मी ग्रंथालयात वाचले. तो दाब कानाच्या पडद्यालाही सोसावा लागतो. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. घरात आजवर कुणी त्याचे कारण विचारले नव्हते.

बुडीआधी भराभर श्वास घेऊ नये, असेही वाचले. त्याने श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. बाबांचे नियम दोनच. एकट्याने उतरायचे नाही; आणि दम ओढू लागला की हातातले सोडून वर यायचे. "शिनाणं काय पळून जातंय?" ते म्हणतात.

शंभर मीटर ही मोठी गोष्ट खरीच. पण फीची तारीख जवळ आलेली असताना अर्धी जाळी घेऊन वर यायलाही छाती लागते.