आपल्याकडे आणि आमच्याकडे

भिलाईच्या हिवाळ्यात तीन गोष्टी हातात हात घालून येतात. मैदानावर क्रिकेट सुरू होते, मराठी मंडळात स्नेहसंमेलनाची धांदल उडते आणि निवडणुकीचे वर्ष असेल तर कोपऱ्याकोपऱ्यावर ध्वनिक्षेपक बोलू लागतात. वरकरणी या तिघींचा परस्परांशी संबंध नाही. परंतु तिघींनाही एक वस्तू अवश्य लागते, ती म्हणजे यादी. खेळाडूंची यादी, वर्गणीदारांची यादी आणि मतदारांची यादी. पहिल्या यादीत आमचे नाव कधी लागले नाही, आणि ज्यांनी आमची फलंदाजी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. दुसरीतून ते कधी सुटले नाही. तिसरीत मात्र ते दोनदा होते.

हा कबुलीजबाब आहे, आणि तो सरळच दिलेला बरा. नोकरीनिमित्त आम्ही भिलाईस आलो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बिऱ्हाड थाटले आणि रीतसर येथल्या यादीत नाव घातले. साताऱ्याकडच्या गावच्या यादीतले नाव मात्र काढले नाही. ‘राहू द्या दादा, घरातले एक मत आहे,’ असे चुलत भाऊ म्हणाले आणि आम्ही राहू दिले. मत आम्ही नेहमी एकाच ठिकाणी दिले. पण त्याचेही श्रेय आमच्या सचोटीपेक्षा रजा न मिळण्याकडेच अधिक जाते.

1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याला ही भावबंधने ठाऊक नाहीत. एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात, असे तो बजावतो. जो जेथे सामान्यतः राहतो तो तेथला, असे तो मानतो, आणि वर हेही सांगतो की, केवळ एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे एवढ्याने कोणी तेथला रहिवासी ठरत नाही. वडिलोपार्जित वाड्याच्या दोन खोल्यांवर ज्यांचे सारे गावपण उभे आहे अशा आमच्यासारख्यांना हे कलम फार कठोर वाटते.

2025 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडात मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले आणि हे कलम आमच्या दारात येऊन उभे राहिले. छापील अर्ज घेऊन एक बाई आल्या. ‘साहब, आप तो यहीं के हैं न?’ त्यांनी सहज विचारले. आम्ही ‘हो’ म्हणालो नाही, ‘नाही’ही म्हणालो नाही, अर्ज तेवढा ठेवून घेतला.

त्याच रविवारी मंडळाची बैठक होती. आमच्या मंडळातही निवडणूक होते, पण ती बहुधा अविरोध असते. कारण चिटणीसपदासाठी उमेदवार पुढे येत नाही, तर मागे सरकतो. जो चहाची व्यवस्था पाहण्यास बाहेर जातो तो परत येईपर्यंत चिटणीस झालेला असतो. त्या बैठकीत एक गृहस्थ नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘आपल्याकडे असे नसते हो.’ आपल्याकडे म्हणजे महाराष्ट्रात, हे कोणास सांगावे लागले नाही. सेक्टर 6 च्या कालीबाडीत बंगाली मंडळी आणि सेक्टर 2 च्या अय्यप्पा मंदिरात मल्याळी मंडळी आपापल्या भाषेत हेच म्हणत असतील. भिलाईत प्रत्येकाचे एक ‘आपल्याकडे’ असते आणि ते भिलाईत नसते.

पण आम्हांस मागल्या उन्हाळ्यातील एक प्रसंग आठवला. गावी पुतणीच्या लग्नात पंगतीला उशीर झाला, तेव्हा आम्ही जरा वैतागून म्हणालो, ‘आमच्याकडे भिलाईला असे चालत नाही.’ समोरचे चुलत भाऊ नुसते पाहत राहिले. मराठी भाषा मोठी चाणाक्ष आहे. ‘आपल्या’त ऐकणारा सामील असतो, ‘आमच्या’त तो वगळलेला असतो. रक्ताच्या नात्यातील माणसांना आम्ही एका शब्दाने बाहेर ठेवले होते आणि ते आम्हांस कळलेही नव्हते.

तसे पाहिले तर भिलाईने तरी एकाच यादीत कोठे नाव ठेवले? 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा या भागाची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ती भोपाळ झाली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले ते भोपाळच्या अमदानीत. 1 नोव्हेंबर 2000 पासून राजधानी रायपूर. गाव जागचे हलले नाही, पत्ते तीन झाले. क्रिकेटचेही तेच. येथली मुले मध्य प्रदेशाकडून खेळत. 2016-17 पासून रणजी स्पर्धेत छत्तीसगडचा स्वतःचा संघ उतरू लागला. भिलाईत जन्मलेले शशांक सिंह तर आधी मुंबईकडून खेळले, मग छत्तीसगडकडून. डिसेंबर 2023 च्या आयपीएल लिलावात पंजाबने त्यांना घेतले तेव्हा नावाचा घोटाळा झाल्याची चर्चा उठली, कारण त्या नावाचे दोघे यादीत होते. 4 एप्रिल 2024 रोजी अहमदाबादला त्यांनी 29 चेंडूंत नाबाद 61 धावा केल्या आणि पंजाबला सामना जिंकून दिला. यादीतला घोटाळा मग कोणी उगाळीत बसले नाही.

हे सर्व तत्त्वज्ञान आम्ही सौभाग्यवतींना ऐकवले. त्यांनी स्वतःचा अर्ज केव्हाच सही करून ठेवला होता. ‘यात एवढा विचार कसला?’ त्या म्हणाल्या. ‘लग्न झाले तेव्हा माहेरच्या यादीतले माझे नाव काढले. मला कोणी विचारले होते का, कुठली म्हणून?’

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. आम्ही भिलाईच्या अर्जावर सही केली आणि गावच्या यादीतील नाव कमी करण्यासाठी नमुना 7 भरला. संध्याकाळी चुलत भावांना फोन करून सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बरे केलेत दादा. आता सुट्टीत याल ते पाहुणे म्हणून का?’

निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. तेव्हा हे क्वार्टरही सोडावे लागेल, आणि कायद्याच्या त्या कलमाला आमचा नवा पत्ता द्यावा लागेल. भावांना काय उत्तर द्यावे हे अजून सुचलेले नाही. फोन ठेवताना आम्ही एवढेच म्हणालो, ‘यंदा आपल्याकडे थंडी कशी आहे?’