दुभाष्याच्या भरवशावर

संगणकाच्या कामात असलेल्या नातवामुळे मला दोन शब्द कळले: एसक्यूएल आणि ओआरएम. एसक्यूएल ही माहितीसाठ्याला प्रश्न विचारायची भाषा. आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती १९७४ साली मांडली. ओआरएम म्हणजे दुभाष्या. २००१ मध्ये आलेला हायबरनेट त्यातलाच. प्रोग्रामर आपल्या भाषेत बोलतो, क्वेरी हा तयार करतो.

रोजच्या कामाला उत्तम! पण ६० मुलांचा निकाल मागा. नीट बजावले नाही तर हा गडी आधी यादी आणतो, मग एकेकाचे गुण. ६१ खेपा! हाताने लिहिलेली क्वेरी तेच एका खेपेत आणते.

मग सगळेच हाताने का लिहू नये? रकान्याचे नाव बदलले की अशा क्वेऱ्या आपणच शोधून दुरुस्त करायच्या. दुभाष्याने अजून न नोंदवलेला बदल त्यांना दिसेलच असे नाही. म्हणून दोन्ही हवेत.

मी जळगाव-धुळ्याकडे जन्मभर वर्गात प्रमाण मराठी शिकवली, घरी अहिराणी बोललो. नातवाला अहिराणी कळते, बोलता येत नाही. एसक्यूएलचे तरी तसे होऊ देऊ नकोस, एवढेच त्याला सांगितले. मूळ भाषाच विसरली, तर दुभाष्याची चूक पकडणार कोण?