अंगठ्याची शीर

दसरा झाला की आमच्या उदगीर भागात सोयाबीन काढायची घाई. शेंगा तडकायच्या आत बनीम लागली पाहिजे. त्या साली मजूर मिळंना, म्हणून आठ दिवस मीच इळा चालवला. नवव्या दिवशी अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका उठला की पाण्याचा तांब्या उचलंना.

बिब्ब्याचा चटका दिला. कातडी भाजली, दुखणं तसंच. शेवटी उदगीरला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी अंगठा आत घेऊन मूठ मिटायला लावली आन् मनगट करंगळीकडं वाकवलं. डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाले, "काका, अंगठ्याच्या शिरा मनगटाजवळ खोळीतून जातात. सारखं तेच काम झालं की खोळ सुजून जाड होते, शीर घासते. द क्वेर्व्हेन नावाच्या स्विस डॉक्टरानं १८९५ साली हे दुखणं लिहून ठेवलंय. अंगठ्याला पट्टा बांधा, हाताला आराम द्या. नाहीच थांबलं तर इंजेक्शन बघू."

घरी येऊन ती मूठ हिला करून दाखवली. हिनंबी तशीच वाकवली आन् "आई गं" म्हणून खाली बसली.

"कधीपासनं?"

"लई वर्सं झाली. खुरपं धरायचं, देवणीची धार अंगठा मुडपून काढायची. कुणाला सांगावं?"

माझं दुखणं आठ दिवसांचं, तर दवाखाना गाठला. तिचं वर्षानुवर्षांचं, मी कधी विचारलंबी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. तवापासनं धार पोरगा काढतो; अंगठा न मुडपता, सगळ्या मुठीनं.